सगळं गाणाऱ्याला कमी लेखू नका

सगळं गाणारा माणूस कशातच पुरा उतरत नाही, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. ख्याल गाणाऱ्याने नाटकाच्या वाटेला जाऊ नये, नाटकवाल्याने मैफलीत बसू नये, भावगीत गायलं की गळा हलका होतो आणि सिनेमात गायलं की विषयच संपला. मी केळझरला मुलामुलींना पेटी आणि गाणं शिकवते. परीक्षांचा आणि स्पर्धांचा हंगाम आला की हे बोल कानावर पडतातच. ज्या विदर्भाने महाराष्ट्राला डॉ. वसंतराव देशपांडे दिले, त्याच विदर्भात हे ऐकून घ्यावं लागतं, याचा मला मनापासून राग आहे.

मागच्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी एका स्पर्धेत गायली. पहिल्या फेरीत भूपातला छोटा ख्याल, दुसऱ्या फेरीत नाट्यपद. आवाज खणखणीत, लय पक्की, माईकची भीती नाही. परीक्षकांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की हे नाटकातलं गाणं सोडून दे, गळा बिघडेल. आणि तुला नक्की काय व्हायचंय ते आधी ठरव. पोरगी नववीत. घरी कापसाचं अन् सोयाबीनचं वावर, गाण्याचा वारसा म्हणावा असा काही नाही. गाणं तिला मिळालं ते देवळातल्या भजनातून आणि मोबाइलवरून. परतताना एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली आणि सेलू मागे पडल्यावर म्हणाली, "बाई, मंग मी गाऊ तरी काय? तुमीच सांगा नं."

तिला गाडीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं तिच्यासारख्या मुलांच्या आईवडिलांसाठी, माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि परीक्षकांसाठीही इथे लिहिते आहे.

केळझरच्या टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चतुर्थीला नागपूर-वर्ध्याकडून माणसांची रीघ लागते आणि नारळ-हारांच्या दुकानांतून गणपतीची गाणी वाजत असतात. त्यात 1979 च्या 'अष्टविनायक' चित्रपटातलं एक वंदनगीत हमखास असतं. ते वसंतराव आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलेलं आहे. त्याच चित्रपटात वसंतरावांनी नायिकेच्या वडिलांचं काम केलं आणि मुलीच्या पाठवणीचं गाणंही म्हटलं. आजही आमच्याकडच्या लग्नांत वऱ्हाड निघायच्या वेळी ते गाणं लागतं आणि मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावतात. गाणारा कोण, हे त्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असतं. हाच माणूस मारवा गायला बसला की भलेभले गवई कान देऊन ऐकत, हे त्याहूनही कमी जणींना.

वसंतराव 2 मे 1920 ला मूर्तिजापूरला जन्मले. आईने त्यांना नागपुरात एकटीच्या हिमतीवर वाढवलं. त्या काळी एकट्या बाईने मुलाला वाढवायचं आणि वर त्याला गाणं शिकू द्यायचं म्हणजे काय, हे खेड्यातल्या बायांना समजावून सांगावं लागत नाही. नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींचं श्रीराम संगीत विद्यालय होतं, तिथे हा मुलगा शिकला. भालजी पेंढारकरांनी त्याला हेरलं आणि 1935 च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. राग, अभिनय आणि सिनेमाचा पडदा हे सगळं कोवळ्या वयातच त्याच्या वाट्याला आलं.

सप्रे गुरुजींकडे तेव्हा आणखी एक मुलगा शिकत होता, मूळचा पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर. पुढे सगळा देश त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखू लागला. ही जोडी माझ्या फार आवडीची आहे. एकाच गुरुजींसमोर बसून एकाच पद्धतीने सरगम घोटलेल्या या दोन मुलांपैकी एक मराठी संगीत नाटकाचा कळस झाला आणि दुसऱ्याने हिंदी सिनेमात जॅझ आणला. 1947 च्या 'शहनाई'त, 1951 च्या 'अलबेला'त, 1957 च्या 'आशा'त सी. रामचंद्रांनी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि स्विंगचा ठेका हिंदी गाण्यात असा काही मुरवला की तो परका वाटेनासा झाला. 'अलबेला'च्या वेळी त्यांच्या सोबतीला गोव्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ होते. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारा हा माणूस चिक चॉकलेट या नावाने गाजला. त्या सिनेमातली गाणी सी. रामचंद्रांनी लता मंगेशकरांबरोबर स्वतः चितळकर या नावाने गायली. आणि याच माणसाने 1953 ला 'अनारकली'ची हळवी गाणी बांधली, 1963 ला कवी प्रदीपांच्या शहीद जवानांवरच्या गीताला चाल लावली. जॅझचा नाद केला म्हणून त्यांचा मराठी गळा बिघडला, असं म्हणण्याची आज कुणाची छाती होणार नाही.

जॅझबद्दल मला पूर्वी काही माहीत नव्हतं. नागपूरला शिकणाऱ्या भाच्याने दिवाळीत मोबाइलवर एला फिट्झजेराल्ड ऐकवली. शब्द कळत नव्हते, पण गाणं चालू असताना मध्येच तिने शब्द सोडले आणि नुसत्या अक्षरांवर लयीशी खेळत ती असं काही गाऊ लागली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसले. या प्रकाराला स्कॅट म्हणतात, असं भाच्याने सांगितलं. आपल्या तराण्याचंच ते लांबच्या नात्यातलं माणूस वाटलं. मग मी आणखी ऐकत गेले, वाचत गेले. 1956 पासून एलाने एकेका रचनाकाराच्या गाण्यांचे संच ध्वनिमुद्रित केले, त्यांतला पहिला कोल पोर्टरचा. यातली पुष्कळ गाणी मुळात न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांसाठी लिहिलेली होती. तिकडे नाटकातलं पद जॅझवाले उचलतात, चालीचा सांगाडा तोच ठेवतात आणि आत दर वेळी स्वतःची भर घालतात. 'द साउंड ऑफ म्युझिक' हे नाटक 1959 ला रंगभूमीवर आलं. त्यातलं एक साधंसं गाणं जॉन कोल्ट्रेनने दुसऱ्याच वर्षी सॅक्सोफोनवर घेतलं आणि तेरा मिनिटांहून जास्त फुलवलं. त्याने नाटकातलं गाणं वाजवून जॅझ बिघडवला, असं तिकडे कुणी म्हणत नाही. ती तबकडी आज जॅझ शिकणाऱ्यांच्या अभ्यासाची झाली आहे.

आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. बालगंधर्वांच्या, केशवराव भोसल्यांच्या, दीनानाथ मंगेशकरांच्या नाटकांतली पदं रंगमंचावरून मैफलीत आली ती याच रीतीने. नाटकात पाच मिनिटांचं पद, 'वन्स मोअर' मिळाला की दहा मिनिटांचं आणि मैफलीत गवयाच्या मगदुराप्रमाणे कितीही. वसंतरावांनी दीनानाथांचा तो उसळता, अनपेक्षित ठिकाणी झेप घेणारा ढंग आत्मसात केला आणि त्यात आपलं डोकं घातलं. त्यांची वेगवेगळ्या मैफलींतली ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. एकच पद दोन ठिकाणचं लावून ऐका. दोन्हीकडे मुखडा तेवढा सारखा. पुढे समेवर यायची वाट निराळी, तानेचा आकार निराळा, शब्दावर कुठे थांबायचं तेही निराळं. तिथल्या तिथे सुचलेलं तिथल्या तिथे गाण्याची ही हिंमत जॅझवाल्याला लगेच ओळखू येईल. माझ्या भाच्याला आली. वसंतरावांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातली रागमाला ऐकून तो म्हणाला, "मावशी, हे तर यांच्यासारखंच करून राहिले." मी त्याला म्हटलं, यांच्यासारखं तर खरंच, पण हे आपल्या मूर्तिजापूरचे आहेत.

आता परीक्षकांच्या बाजूचंही बोललं पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. सूर अजून स्थिर नसलेल्या मुलाने आज या गायकाची, उद्या त्या गायिकेची नक्कल करत हिंडावं, हे मलाही पसंत नाही. टीव्हीवरचे कार्यक्रम पाहून सहा-सात वर्षांच्या लेकरांच्या तोंडी न समजणारी गाणी घालणारे आईबाप मी पाहिले आहेत. अशाने गळा ताणला जातो, हरकती वरवरच्या होतात. पण यावर उपाय काय, हेही वसंतरावांच्याच आयुष्यात दिसतं.

तरुणपणी ते मामांबरोबर लाहोरला गेले. तिथे असद अली खाँ नावाच्या फकिरी वृत्तीच्या गवयाकडे त्यांना तालीम मिळाली. खाँसाहेबांनी महिनोन्‌महिने त्यांच्याकडून एकटा मारवा घोटून घेतला आणि मग, आता तुला सगळं आलं, असं सांगून मोकळं केलं, अशी हकीकत गाण्याच्या वर्तुळात सगळे सांगतात. मारवा म्हणजे काय हे गाणाऱ्याला विचारा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. तंबोऱ्याची पंचमाची तार निषादाला लावायची. सगळा भार रिषभ-धैवतावर, आणि ज्या षड्जावर गवई हक्काने विसावतो, त्या षड्जाशीही फार वेळ थांबायची मुभा नाही. आधार काढून घेतल्यावर सुरात उभं राहायला शिकवणारा राग आहे हा. ज्याने तो महिनोन्‌महिने घोटला, त्याला लावणी गा म्हणा, ठुमरी गा म्हणा, गणपतीचं गाणं गा म्हणा, सूर ढळणार कसा? त्यापुढे भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, किराण्याचे सुरेशबाबू माने यांच्याकडूनही वसंतरावांनी घेतलं. तबला तर ते उत्तम वाजवत, त्यामुळे लय त्यांच्या बोटांतही होती. घराणं कोणतं असं कुणी विचारलंच, तर आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं, असं ते सांगत.

म्हणून मुलांना अनेक प्रकार गाऊ द्या, असं मी म्हणते तेव्हा रियाज सैल सोडा असं म्हणत नाही. माझ्या वर्गात सकाळचा खर्ज आणि अलंकार कुणालाही चुकत नाहीत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणाऱ्याने राग नीट मांडलाच पाहिजे. पण मध्यमेची तयारी करणाऱ्या मुलीने पोळ्याला झडत्या ऐकल्या, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत खंजिरीवर तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाट्यपद म्हटलं, तर तिचं नुकसान काय होतं, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं.

वसंतरावांना या चतुरस्रपणाची किंमत मात्र मोजावी लागली, आणि ती आपण समाज म्हणून वसूल केली. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी वीसहून अधिक वर्षं कारकुनी केली. मध्येच पार ईशान्येला, नेफात बदली झाली. ज्याच्या गळ्यात एवढं होतं तो माणूस दिवसभर जमाखर्चाच्या वह्यांवर मान मोडायचा आणि संध्याकाळी मैफलीला जायचा. हा शास्त्रीय की नाट्यगायक, किराण्याचा की भेंडीबाजारचा, हे ठरत नाही म्हणून बिदागी ठरत नव्हती आणि मानही ठरत नव्हता, असा माझा समज आहे. पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र पाठीशी उभे राहिले, त्यांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं, बोललं. पण सर्वसामान्य महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं ते सत्तेचाळिसाव्या वर्षी.

तो दिवस 24 डिसेंबर 1967 चा. 'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग झाला. नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी, रंजन कला मंदिर ही संस्था ज्यांनी नागपुरात उभी केली तेच हे मास्तर. संगीत गोव्याच्या पंडित जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. वसंतराव झाले खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. आपली गायकी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून जिवाचं रान करणारा, घराण्याच्या अभिमानाने पेटलेला हा खाँसाहेब. आणि तो उभा केला आयुष्यभर कुठल्याच घराण्याचा शिक्का न लागलेल्या माणसाने. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. घराण्याचा अहंकार आतून कसा असतो, तो कसा भाजतो, हे दारात उभं राहून पाहिलेल्या माणसालाच इतकं नेमकं कळतं.

त्या नाटकातलं 'घेई छंद' हे पद मी वर्गात शिकवते, ते गाणं बसवण्यासाठी कमी आणि ऐकायला शिकवण्यासाठी जास्त. नाटकात तेच शब्द दोन चालींत येतात, एक खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींची आणि एक खुद्द खाँसाहेबांची. मी मुलांना आधी पंडितजींची चाल ऐकवते. शब्द अखंड, प्रत्येक अक्षराला पुरेशी जागा, सूर पाण्यावर पान तरंगावं तसा. मग खाँसाहेबांची. तेच शब्द लयीच्या तडाख्यात येतात, तान अक्षराच्या मधूनच फुटते आणि समेवर येऊन आदळते. मुलांना सांगते, हाताने टाळी धरा आणि शब्द कुठे तुटतो तिथे बोट वर करा. सुरुवातीला बोटं भलतीकडेच वर होतात. चार-पाच वेळा ऐकल्यावर सगळी बोटं एकदम वर जातात आणि त्यांना कळतं की शब्द तुटला तरी अर्थ तुटला नाही. मग तेच शब्द मी त्यांना भजनी चालीत म्हणायला लावते, मग कव्वालीच्या ठेक्यावर. वसंतरावांच्या गाण्याची गुरुकिल्ली इथे आहे, असं मला वाटतं. प्रत्येक प्रकाराचं वजन त्यांना वेगळं ठाऊक होतं. भावगीतात ते तान मारून शब्द चिरडत नसत. श्रीनिवास खळ्यांच्या चालींत ते इतके संयमाने गायले आहेत की हाच तो खाँसाहेब यावर विश्वास बसत नाही. सगळं गायचं म्हणजे सगळ्यात एकच मसाला टाकायचा, असं त्यांनी कधी केलं नाही.

त्याच नाटकातल्या झरीनाचं, म्हणजे फैय्याज यांचं नावही इथे घेतलंच पाहिजे. माझ्या विद्यार्थिनींपुढे ठेवायला मला बाईमाणसाचं उदाहरण हवं असतं. सोलापूरची ही मुलगी नाट्यपद गायली, लावणी गायली, गझल-ठुमरी गायली, अभिनय करत गायली आणि 2015 ला बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाची अध्यक्ष झाली. इकडे कोकणीत गोव्याच्या लोर्ना आहेत, क्रिस पेरींच्या बँडबरोबर मुंबईत जॅझ गाणाऱ्या आणि त्याच गळ्याने कोकणी गाणं घरोघर नेणाऱ्या. या बायांना कुणी म्हणालं नसेल असं नाही की एक काहीतरी ठरव. त्यांनी ऐकलं नाही, हे आपलं भाग्य.

आणि लांब कशाला जायचं? आमच्या वर्ध्याहून पूर्वेकडे गेलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी लागते. दिवाळी आटोपली, धान घरात आलं की देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या बाहेर पडतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. गावाबाहेर मंडप, समोर हजारोंनी माणसं पोती-सतरंज्या टाकून बसलेली, आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. मी एकदा नागभीडकडच्या नात्यातल्या घरी मुक्कामी असताना असं नाटक पाहिलं. नटी रडण्याचा प्रवेश करून आत गेली आणि कपडे बदलून बाहेर आली ती लावणी गातच. पहाटेकडे तिनेच भैरवीच्या वळणाचं पद म्हटलं. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोरच, गाणं तिथल्या तिथे, मागे टेप लावलेली नाही. थंडीत रात्रभर गाऊन तिचा सूर सकाळीही जागेवर होता. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली, तेव्हा फार बरं वाटलं. पण त्या गाणाऱ्या बायांना आपल्या संगीत स्पर्धांमध्ये कोणत्या गटात बसवाल? शास्त्रीय नाही, सुगम नाही, लोकसंगीत म्हणावं तर पद नाटकाचं. आपल्याकडे त्यांच्यासाठी रकानाच नाही.

वसंतराव 30 जुलै 1983 ला पुण्यात गेले. त्याआधी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला होता. नागपुरात सिव्हिल लाइन्सला त्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांचं गाणं पुढे नेलं. 'मी वसंतराव' या चित्रपटात आजोबांची भूमिका केली आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. 2015 ला 'कट्यार' पडद्यावर आलं, तेव्हा माझ्या वर्गात नवी मुलं आली, पालक स्वतः घेऊन आले. हे सगळं चांगलंच आहे. पण पुतळे, सभागृहं, सिनेमे झाले तरी ज्या गुणासाठी वसंतराव मोठे, तोच गुण नववीतल्या मुलीत दिसला की आपण तो दोष म्हणून तिच्या पदरात टाकतो. हे थांबलं पाहिजे.

काय करता येईल, तेही सांगते. स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी एक गट असा ठेवावा, ज्यात गाणाऱ्याने एकच शब्दरचना किंवा एकच राग घेऊन तीन प्रकारांनी मांडायचा. ख्यालाच्या अंगाने, नाट्यपदाच्या अंगाने आणि भजन, लावणी किंवा त्याला जे जवळचं वाटेल त्या अंगाने. गुण द्यायचे ते प्रत्येक प्रकाराचं वजन राखलं का यावर. परीक्षकांत एक जण रंगभूमीवर गायलेला असावा. असा गट झाला तर निव्वळ नक्कल करणारी मुलं पहिल्याच फेरीत उघडी पडतील, म्हणजे शुद्धतेची काळजी असणाऱ्यांचीही सोय झाली. संगीत शिक्षकांनी आठवड्यातला एक तास निव्वळ ऐकण्यासाठी ठेवावा. त्यात मारवाही असावा, एलाही असावी आणि झाडीपट्टीचं पदही.

दुसरी मागणी नागपूरकरांकडे आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह भरवतं, मोठमोठे कलावंत येतात, प्रवेशही खुला असतो. आम्हाला तिथे यायची फार इच्छा असते. पण कार्यक्रम संपायला रात्र होते आणि पोरींना घेऊन तेवढ्या रात्री परतायचं कसं, हा प्रश्न दरवर्षी येतो. आईबाप पाठवत नाहीत आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. समारोहातली एक संध्याकाळ नागपूरबाहेर द्यावी. एका वर्षी मूर्तिजापूरला, एका वर्षी वडशाला, एका वर्षी सेलूला किंवा इथे केळझरला. नागपूरहून आमचं गाव पन्नासेक किलोमीटरवर आहे, रस्ता चांगला आहे. कार्यक्रम दुपारी चारला सुरू करावा म्हणजे आसपासच्या खेड्यांतली मुलं ऐकून दिवेलागणीला घरी पोचतील. पहिला अर्धा तास विद्यार्थ्यांना गायला द्यावा आणि आलेल्या कलावंतांनी त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. सतरंज्या, मंडप, तबला-पेटी आणि जेवणाची व्यवस्था गाव करील, तेवढी ऐपत आणि हौस इथे आहे. तंबोऱ्यांची जोडी तेवढी पाहुण्यांनी बरोबर आणावी. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिकच आहे, आणि मुलांनी खरा तंबोरा जुळवताना अजून पाहिलेला नाही.